अकरा राजीनामे

मास्तरांनी राजीनाम्याचे पत्र सातव्यांदा लिहायला घेतले आणि सातव्यांदा कारणाच्या ओळीपाशी त्यांचे पेन अडले.

टेबलावर दूरच्या शहरातल्या मोठ्या संस्थेचे पत्र पडले होते. इंग्रजी शिकवायला बोलावले होते. पगार वाढता, घराला अंगण, निवृत्तीची सोय. शुक्रवारपर्यंत होय की नाही कळवा, एवढेच म्हणणे. मायदेश सोडून या परक्या गावात येऊन मास्तरांना बारा वर्षे झाली होती. आता पुन्हा बिऱ्हाड उचलायचे की इथेच कायमचे ठाण मांडायचे, यावर तीन आठवडे खल चालला होता. कीर्तनात बुवा एकच चरण घोळवत तास काढतात, तसे मास्तर एकाच प्रश्नावर घोळत होते. फरक इतकाच, की बुवांना घोळवता घोळवता अर्थ सापडत जातो; मास्तरांचा होता तोही हरवत चालला होता.

"अहो, काय ठरलं?" बायकोने ओट्यापासून विचारले.

"विचार करतोय."

"जायचं असेल तर मी भांडी बांधते, राहायचं असेल तर पडदे धुते. पण एक काहीतरी सांगा. तीन आठवडे मी ना बांधतेय ना धुतेय."

मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मंगळवारचा दिवस कसाबसा ढकलला.

संध्याकाळी वर्ग होता. वर्गात अकराजण, सगळे मोठे, सगळेच देशोदेशीहून पोटासाठी आलेले. गावातल्या कचेऱ्यांची भाषा इंग्रजी, म्हणून दिवसभर राबून ही मंडळी रात्रीच्या जेवणाआधी दीड तास बाकावर बसायची. मास्तरांचा एक नेम होता: शिकलेले प्रत्यक्ष वापरल्याशिवाय गृहपाठ पुरा धरायचा नाही. तक्रारीचे पत्र शिकवले, तेव्हा अकरा तक्रारी नगरपालिकेत गेल्या आणि गल्लीतला दिवा लागला. आभाराचे पत्र शिकवले, तेव्हा ग्रंथालयातल्या बाईंना दिवसभर रडू आवरेना. वर्गाची या नेमावर देवावर असावी तशी श्रद्धा होती.

त्या दिवशी पाठ नोकरीच्या पत्रव्यवहाराचा होता. मास्तरांचे डोके तर ठिकाणावर नव्हते. खिशातला कागद हाताला लागला, आणि नावे गाळून त्यांनी तोच मजकूर फळ्यावर उतरवला. 'जड अंतःकरणाने, परंतु पूर्ण विचारान्ती' वगैरे. शेवटी म्हणाले, "कारणाची ओळ मोकळी सोडली आहे. ज्याने त्याने आपापल्या मनातलं लिहायचं. गुरुवारी बघू."

हे पत्र मात्र कुणाला द्यायचे नाही, एवढे एक वाक्य सांगायचे राहून गेले.

गुरुवारी सकाळीच मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतले. त्यांच्या टेबलावरचा फोन एकसारखा वाजत होता.

"मास्तर, संप पुकारलात का?"

"कसला संप?"

"काल एका दिवसात गावातल्या अकरा माणसांनी राजीनामे दिलेत. सगळ्यांचं अंतःकरण जड आणि सगळ्यांचा विचार पूर्ण! इस्पितळातून विचारतायत, हॉटेलवाला विचारतोय, सगळे मलाच विचारतायत. ही भाषा त्यांना कुणी दिली?"

मास्तरांनी खिशातला कागद चाचपला. "बाई, तो नमुना होता."

"कुणाचा?"

मास्तरांना खोटे बोलता येत नसे. "माझा," ते म्हणाले.

बाईंनी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला जायचं असेल तर मी आडवी येणार नाही. पण आजचा वर्ग राहू द्या, आणि जाण्याआधी या अकराजणांना जाग्यावर बसवा. तुमचं आपण उद्या बोलू."

मास्तर निघाले. पहिल्यांदा धुलाईच्या दुकानात गेले. तिथे पंधरा वर्षे इस्त्री करणाऱ्या मावशींनी कारण लिहिले होते, 'वाफेने डोळे चुरचुरतात.' मालक शिडीवर चढून भिंतीला पंखा बसवत होता.

"मास्तर, पंधरा वर्षं ही बाई एक अक्षर बोलली नाही हो!" तो वरूनच म्हणाला. "मला वाटायचं, हिला वाफ आवडते."

"गृहपाठ होता तो. चूक माझी. पत्र परत घेऊन जातो."

"पत्र न्या. पंखा राहू दे."

मावशी खाली मान घालून इस्त्री फिरवत होत्या, पण हसू लपत नव्हते.

हॉटेलातल्या आचाऱ्याने लिहिले होते, 'मालकाच्या जिभेची चव गेली आहे.' तिथे दोघांचा अबोला होता. मास्तरांना मधे बसून दोन्ही बाजूंचे रस्से चाखावे लागले आणि दोन्ही उत्तम असल्याचे शपथेवर सांगावे लागले. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते मालकाच्या रश्शाचे होते, पण पश्चात्तापाचे समजले गेले आणि काम झाले.

न्हाव्याचे प्रकरण अवघड होते. त्याचे दुकान स्वतःचेच. नेमाप्रमाणे पत्र मालकाला द्यायचे, म्हणून त्याने ते स्वतःच्याच दुकानाच्या पत्त्यावर नेऊन टाकले. ते त्याच्या बायकोने उघडले, 'मंजूर' लिहून सही ठोकली आणि गल्ल्यावर बसली. न्हावी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून जुने मासिक चाळत होता.

"वहिनी, अहो, तो अभ्यास होता," मास्तर म्हणाले.

"असू दे की. ह्यांनी काय लिहिलंय वाचलंत? 'उभं राहून पाय दुखतात.' मी म्हटलं, बसा!"

"पण दुकान..."

"दुकान छान चाललंय. सकाळपासून सहाजण झाले. ह्यांचे गप्पांमुळे चार व्हायचे."

"मास्तर, काहीतरी करा," न्हावी मासिकाआडून पुटपुटला.

बरीच विनवणी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "बरं, उद्यापासून घेते परत. पण रीतसर अर्ज करायला सांगा."

बाकीची सात ठिकाणे उद्यावर टाकून शेवटी मास्तर बसच्या आगारात पोचले. त्यांना खरी धास्ती इथलीच होती. वर्गातला सगळ्यात वयस्क विद्यार्थी बस चालवायचा, आणि त्याचा राजीनामा तिथल्या साहेबांनी हातोहात मंजूर केला होता. चालक आपले कपाट रिकामे करत होता. एक डबा, एक स्वेटर, एक कंगवा.

"काका, मला माफ करा," मास्तर घाईघाईने म्हणाले. "मी साहेबांना भेटतो. आत्ताच्या आत्ता रद्द करून आणतो."

"बाकीच्यांची आणा परत, मास्तर," काका म्हणाले. "माझं राहू दे."

"म्हणजे?"

"तीन वर्षं लेक बोलावतेय. जाऊ की नको, जाऊ की नको. बस चालवतानासुद्धा तेच. मग तुम्ही म्हणालात, कारण लिहा. पत्राचा बाकीचा भाग उतरवायला मला तास लागला हो, स्पेलिंगं कसली ती! पण कारण एका दमात आलं. 'नात चालायला शिकते आहे, ते बघायचे आहे.' लिहिलं, वाचलं, आणि म्हटलं, अरे, आपलं तर कधीच ठरलेलं होतं!"

मास्तरांनी कपाटाचे दार धरून ठेवले.

"साहेबांनीही तेवढीच ओळ वाचली," काका स्वेटरची घडी करत म्हणाले. "म्हणाले, बस कुणीही चालवील, जा तू." मग मास्तरांकडे नीट बघत त्यांनी विचारले, "तुम्ही काय कारण लिहिलंत?"

"मी?"

"फळ्यावर लिहिताना त्या ओळीपाशी तुमचा खडू अडला होता. पाठातल्या पत्राला कुणाचा खडू अडत नाही."

मास्तर आगाराच्या बाकावर बसले. आधीच्या सहा मसुद्यांत लिहून खोडलेली कारणे त्यांना तोंडपाठ होती. पगार, अंगण, निवृत्ती. सगळी खरी, एकही खोटे नाही. पण एकही एका दमात आलेले नव्हते. प्रत्येकाला ओढून आणून ओळीत बसवावे लागले होते. काकांनी डबा काखेत मारला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे घराच्या वळणापर्यंत बरोबर चालले.

घरी येताच मास्तरांनी मोठ्या संस्थेला उत्तर लिहायला घेतले. आमंत्रणाबद्दल आभार मानले, येऊ शकत नसल्याचे कळवले. कारणाच्या ओळीपाशी आले, आणि पेन थांबलेच नाही.

बायकोने पदराला हात पुसत खांद्यावरून वाचले. "'कारण उद्या मला सात ठिकाणी माफी मागायला जायचे आहे.' अहो, एवढ्या मोठ्या लोकांना हे कळवणार?"

"खरं आहे ते."

"उद्याचं झालं. आणि परवा?"

"परवा वर्ग आहे."

बायकोने पत्र पुन्हा एकदा वाचले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले, तीन आठवडे आवळून धरलेली गाठ सुटावी तसे.

"मग सात नका लिहू," ती म्हणाली. "आठ करा."

"न्हाव्याचं मिटलं ना पण? मी स्वतः..."

"तुम्ही तिथून निघाल्यावर, बाजारातून येताना मी त्याच्या बायकोकडे डोकावले होते. म्हटलं, बाई गं, हातात आलंय ते अजिबात सोडू नकोस."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, निमूटपणे सात खोडून आठ केले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खाडाखोड असलेले पत्र तसेच पाकिटात घातले.