बाटलीला पांघरूण

या खेपेला साडूला धूळ चारायचीच, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि "सावकाश... सावकाश... अहो, सावकाश!" असं म्हणत राहायचं, यात त्यांची अर्धी हयात गेली होती. टीव्हीवर एखादी मोटार भरधाव निघाली, तरी मास्तरांचा पाय सोफ्याखाली ब्रेक दाबायचा! स्कूलमध्ये त्यांना 'दुसरा गिअर' म्हणत. पाठीमागे, अर्थातच.

पण साडू पाठीमागे बोलणाऱ्यातला नव्हता. सगळी सासुरवाडी जेवायला बसलेली असताना तो मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, तुम्ही निघालात की मागून चालत येणारा माणूस हॉर्न वाजवतो म्हणे!"

सगळे हसले. मेहुणे हसले, मेहुण्यांची नातवंडं हसली. बायकोनं हसू आवरलं, पण आमटी वाढताना तिचा हात हलत होता! आणि तेवढ्यात साडूनंच सांगितलं, की गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर हौशी लोकांच्या मोटारींची शर्यत आहे आणि तो आपली नवी कोरी गाडी पळवणार आहे.

"मीही येतोय," मास्तर म्हणाले.

"बघायला?"

"पळवायला!"

मग जे हसू उसळलं, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

आता मास्तरांकडे गाडी होती ती वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. तिला मास्तर मनातल्या मनात, प्रेमानं 'म्हातारी' म्हणत. तिला वेग असा नव्हताच. चढ आला की ती देवाचं नाव घेतल्यासारखी पुटपुटायची. शिवाय आईनं मास्तरांकडून शब्द घेतला होता: "ह्यांच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. आहे तशी राहू दे." संध्याकाळी आई खाली जाऊन त्या गाडीत नुसती बसायची. काच खाली करायची, थोडा वेळ बाहेर बघायची, काच वर करायची आणि घरी यायची.

त्यामुळे जे करायचं ते गुपचूप करणं भाग होतं. मास्तरांनी गॅरेजवाल्याला गाठलं. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. नटबोल्टनं म्हातारीचं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं मास्तरांना बाजूला घेतलं.

"इंजिन बदलायचं नसेल, तर एकच उपाय. नायट्रस!"

म्हणजे नायट्रस ऑक्साइड. हा वायू बाटलीतून इंजिनाला पाजला, की आत पेट्रोल दुप्पट जोमानं जळतं आणि गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी सुटते. याचे तयार किट मिळतात. कोरडा किट नुसता वायू सोडतो, जादा पेट्रोलचं गाडीनं आपलं आपण बघायचं. ओला किट वायूबरोबर पेट्रोलही देतो. शिवाय एक मधला प्रकार, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरखाली पट्टी बसवायचा. जोर किती वाढवायचा ते 'शॉट'वर ठरतं: पन्नास अश्वशक्तीचा, पंचाहत्तरचा, शंभरचा.

मास्तरांनी या तिघांची अशी चौकशी केली, की पोरीसाठी स्थळं बघणाऱ्या बापानंही करू नये! कोरडा दिसायला सुटसुटीत, पण जुन्या इंजिनात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळवायचा. पट्टीवाला समंजस, पण म्हातारीच्या मापाचा मिळेना. ओल्यात नळ्या फार, भानगडी फार, पण स्वभावानं गरीब. रोज घरी आलं, की मास्तर गॅलरीत उभे राहून नटबोल्टशी फोनवर खल करीत.

गॅलरीच्या दाराला पडदा होता, आणि पडद्याच्या अलीकडे बायको कपड्यांच्या घड्या घालत असे.

"कोरडा नको रे," मास्तर कुजबुजत होते, "या वयात झेपायचा नाही, आतून जाळत जातो. ओलाच बरा... शंभरचा शॉट? छे छे! आधी पन्नास. सवय झाली की वाढवू... बाटली घरीच ठेवीन, कपाटात. हिला पत्ता लागणार नाही!"

बायकोच्या हातात मास्तरांचाच शर्ट होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ज्या माणसानं आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा चमच्यानं मोजून घेतलं, त्याला हे व्यसन!

तरी माणूस आपण होऊन सांगेल, म्हणून ती वाट बघत राहिली. पण दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून आलं ते ऐकून तिला घाम फुटला.

"म्हातारीचं पोट अजून मजबूत आहे रे! एकदा पन्नासचा सोडला ना आत, बघ कशी सुसाट पळते... फुटली तर? अरे, फुटली तर फुटली! नाहीतरी वय झालंच आहे तिचं!"

आतल्या खोलीत सासूबाई गुडघे शेकत बसल्या होत्या. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि तडक माहेरी, थोरल्या भावाला फोन लावला.

हे थोरले मेहुणे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. नोकरी सुटली होती, सवय सुटली नव्हती. घरात शिरले की आधी कोण कुठे उभं आहे ते बघायचे. मिशी अशी, की तिच्याकडे बघून पोरं न केलेल्या खोड्या कबूल करायची! शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले आणि त्यांनी थेट आईपासूनच सुरुवात केली.

"आई, खरं सांगा. मास्तर तुम्हाला काही प्यायला देतात का?"

"देतो की," आई म्हणाली, "रोज झोपताना."

बायकोनं तोंडावर पदर धरला.

"पिऊन कसं वाटतं?"

"झकास! अंग कसं हलकं होतं. कधी कधी मी दुसरा पेलाही मागते."

आई दुधाबद्दल बोलत होती. पण दुधाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं! मेहुण्यांनी मान हलवली, उठले आणि कपाट उघडलं.

मास्तर शेवटची शिकवणी आटोपून शीळ घालतच घरी आले. आज किट बसवायचा, उद्या शर्यत! दार ढकललं आणि शीळ ओठातच विरली. बैठकीत बायको, आई आणि मेहुणे रांगेनं बसलेले. आणि समोर, चहाच्या टेबलावर, पाहुण्यासारखी ती बसली होती: निळी, गुबगुबीत, लहान मुलाएवढी बाटली. अंगावर आईची शाल. पोटाशी आईचीच गरम पाण्याची पिशवी!

बाटली कोमट राहिली तरच वायूला जोर येतो, असं नटबोल्टनं बजावलं होतं. म्हणून मास्तरांनी तिला पांघरूण घातलं होतं. पण हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"माझी पिशवी मी कुठे कुठे शोधली," आई म्हणाली.

"मास्तर," मेहुणे म्हणाले, "हे काय आहे?"

"हे... माझं नाही. एका मित्राचं आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, एवढी मोठी बाटली!" बायकोला रडू फुटलं. "लोक निदान लहान आणतात हो!"

"तसं नाहीये ते..."

"थांबा," मेहुणे म्हणाले, "वास घेतला की कळेल." आणि त्यांनी बाटलीवर वाकून तोटीवर हात ठेवला.

"भाऊ, नको! भाऊ, हात काढा!"

मेहुण्यांनी आयुष्यात कधी विद्यार्थ्याचं ऐकलं नव्हतं. त्यांनी तोटी पिरगळली.

जो आवाज झाला, तो वर्णन करून कळणार नाही. शंभर कुकरच्या शिट्ट्या एकदम! पांढऱ्याशुभ्र धुराचा लोट उसळला, शाल छताला लागली, टेबल झोपलं. मास्तरांनी बाटलीवर झेप घेतली, चटके बसावेत इतक्या गार तोटीवर हात भाजून घेतले आणि ती कशीबशी बंद केली. घरभर जळक्या आगकाडीचा उग्र दर्प पसरला. सगळे खोकत, ठेचकाळत जिन्यावर आले. मेहुण्यांच्या मिशीवर बर्फ जमला होता! पुस्तकात या वायूला हसवणारा वायू म्हणतात. त्या जिन्यावर कुणीही हसत नव्हतं.

"गॅस फुटला, गॅस!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. कुणी बनियनवर, कुणी टॉवेलवर, एक बाई कणकेच्या हातांनी. अग्निशामक दलाची गाडी घंटा वाजवत आली. जवान तोंडाला मुखवटे लावून आत गेले आणि त्यांचा अधिकारी निळी बाटली काखोटीला मारून बाहेर आला. त्यानं वरची अक्षरं वाचली.

"नायट्रस ऑक्साइड. कुणाचं आहे हे?"

एवढी गर्दी, पण मास्तरांच्या आजूबाजूला क्षणात मोकळी जागा झाली.

"ही दारू आहे ना साहेब?" बायकोनं भीत भीत विचारलं.

"दारू कसली, वहिनी! याची नशा त्याहून वाईट. पोरं फुग्यात भरून ओढतात. पण या वयाचं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

गर्दीतून एक लांब 'अरेरे' निघाला. मास्तरांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण जमीन सिमेंटची होती.

"साहेब, हा ओढायचा वायू नव्हे!" ते कळवळून म्हणाले. "गाडीसाठीचा आहे. ओढता येऊ नये म्हणून मुद्दाम यात गंधकाचा वायू मिसळलेला असतो. म्हणून तर असला वास! आणि सुरुवातीला पन्नासच्या वर कोणी जात नाही..."

"बघा," अधिकारी लोकांना म्हणाला, "माहिती केवढी आहे!"

तेवढ्यात मास्तरांना गर्दीत नटबोल्ट दिसला. किट बसवायला पाने घेऊनच आला होता बिचारा! मास्तरांना देव भेटल्यासारखं झालं.

"अरे, सांग यांना! तूच दिलीस ना ही बाटली?"

नटबोल्टनं अग्निशामक गाडीकडे बघितलं, अधिकाऱ्याच्या गणवेशाकडे बघितलं, आपल्या विनापरवाना गॅरेजचा विचार केला असावा. "मी?" तो म्हणाला. "मी फक्त पंक्चर काढतो." आणि पाने खिशात खुळखुळवत तो गर्दीत दिसेनासा झाला.

मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. साडू, विमानपट्टी, ओला, कोरडा, म्हातारी म्हणजे गाडी, सगळं! "उद्या शर्यतीत पळणार होतो मी. हा वायू इंजिनात सोडून!"

मग तळमजल्यावरचा एक जण फिसकन हसला. त्याच्या मागून बनियनवाला, मग टॉवेलवाला. "मास्तर? शर्यतीत?" कणकेच्या हातांची बाई पोट धरून खाली बसली. बर्फाळलेल्या मिशीतून मेहुणेसुद्धा हसले.

"अहो, गाडीचं नाव पुढे करू नका हो," बायको डोळे पुसत म्हणाली. "चूक झाली ती झाली. आपण उपाय करू."

"मी खरं सांगतोय!"

"खोटं आहे!" असं ठणकावून बोलली ती आई. शाल नव्हती, केस विस्कटले होते, पण ती पुढे आली आणि मुलाच्या दंडाला धरून सगळ्यांकडे वळली. "माझा मुलगा ह्यांच्या गाडीला हात लावणार नाही. इंजिन उघडणं तर लांबच! त्यानं शब्द दिलाय मला. बाकी काय वाट्टेल ते केलं असेल त्यानं, ओढलं असेल, प्यायलं असेल. पण शब्द मोडणार नाही तो!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. आता फक्त म्हातारीचं बॉनेट उघडून दाखवायचं होतं. नळीसाठी नटबोल्टनं आधीच पाडून ठेवलेलं भोक तिथे होतं. एक बोट दाखवलं असतं, की मास्तर सुटले असते.

त्यांनी खाली बघितलं.

"आई म्हणते ते बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "गाडीचं मी उगाच म्हटलं. नशाच आहे."

आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं रे असं," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचा फोन आला. व्यसनमुक्ती केंद्राचं पत्र आणल्याशिवाय शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं नाही! त्या केंद्राची बैठक रविवारी सकाळी असते, आणि शर्यतही रविवारीच होती. म्हणजे जेव्हा साडू विमानपट्टीवर गाडी गुरगुरवत उभा होता, तेव्हा मास्तर एका हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर, गोल करून बसलेल्या मंडळींत बसले होते. शेजारी बायको. घरून येताना तिनं त्यांचा हात एकदाही सोडला नव्हता.

"शेवटची नशा कधी केलीत?" बैठक घेणाऱ्या ताईंनी प्रेमानं विचारलं.

"मी कधीच केली नाही," मास्तर म्हणाले.

गोलातल्या सगळ्यांनी एकदम उसासा टाकला. "पहिल्या दिवशी आम्हीही असंच म्हणालो होतो," एक जाडजूड ट्रकवाला म्हणाला.

बायकोनं हात दाबला. मास्तरांनी खाली फरशीकडे बघितलं.

"काल," ते म्हणाले. "सगळ्या इमारतीसमोर."

आणि मंडळी, काय टाळ्या पडल्या! ट्रकवाल्यानं उठून मिठी मारली. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोचा चेहरा तर असा फुलला, की लग्नातही फुलला नसेल. ताई म्हणाल्या, पहिल्याच दिवशी इतक्या लवकर कबुली देणारा माणूस केंद्राच्या इतिहासात झाला नाही! हा विक्रमच आहे म्हणे, वेगाचा.

पुढच्या रविवारी मास्तरांचं भाषण ठेवलंय. विषय: 'मी नशेतून कसा बाहेर पडलो'. साडूसुद्धा सहकुटुंब ऐकायला येणार आहे. मास्तर सध्या गॅलरीत उभे राहून ते पाठ करतात. बरंच जमलंय, पण आपल्याला नशा लागली कशी, एवढंच त्यांना अजून सुचत नाहीये!