एक जूनची चारशे बारा पोरं

शिवशरणआप्पांनी स्वतःच्या पोराचं, अमरनाथचं, हॉलतिकीट फाडून त्यात पावशेर शेंगदाणे बांधून दिले. सिरसाळ्याच्या बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात हाताला लागेल तो कागद फाडायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. गिऱ्हाईक होतं मुंजाजी. त्यानं दाणे खाल्ले आणि कागद चुलीत घातला. हे घरात कळलं तेव्हा लेखी परीक्षेत पास झालेल्यांनी मुलाखतीची पत्रं भरतीच्या वेबसाइटवरून काढून घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला होता, आणि नेमका तोही बाजाराचाच. बायकोवर, शांतादेवींवर दुकान टाकून आप्पा अमरनाथला घेऊन परळीला जमीलच्या सायबर कॅफेत आले. साल दोन हजार दोन.

जमील अमरनाथच्या वर्गातला. "नंबर सांग बे."

"नंबरचा पुडा झाला."

"मग जल्मतारखेनं शोधू. साइट लई मोठी हाय, पण शोधायची सोय हाय तिच्यात."

आप्पांचा जीव दुकानात अडकलेला. ते तेवढ्यात दुकानात फोन लावायला समोरच्या एसटीडी बूथवर पळाले. इकडं अमरनाथनं तारीख सांगितली, एक जून.

आता मराठवाड्यात एक जूनला जेवढी माणसं जन्मली, तेवढी बाकीच्या वर्षात मिळूनही जन्मली नसतील. पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख आठवत नाही, आणि मास्तरांना एक जून सोडून दुसरी आठवत नाही. जमीलनं तारखेपुढं बीड जिल्हा टाकला, तरी चारशे बारा नावं आली. एका पानावर दहा. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

"सापडलं का?" आप्पा परत आले.

"तेरावं पान हाय, आप्पा."

"माझ्या दुकानात हजार जिनसा हायेत. अंधारात हात घातला तरी हळद हाताला येती. कसलं रं हे मशिन?"

आप्पा बसले, उठले, दारात गेले, घड्याळ पाहून परत आले. बूथवर आता रांग लागली होती. एकतिसाव्या पानाला त्यांना राहवलं नाही. त्यांनी जमीलच्या टेबलावरचा फोन उचलला आणि दुकानाचा नंबर फिरवायला घेतला.

"आप्पा, ठिवा! त्याच तारेवर इंटरनेट हाय!"

पडद्यावरची नावं गेली. परत पहिल्या पानापासून सुरुवात झाली. आप्पांना बाहेरच्या बाकावर बसवलं, पण तिथूनही ते पाच-पाच मिनिटांनी डोकावतच राहिले.

बेचाळीस पानं संपली. अमरनाथचं नाव कुठंच नव्हतं. पोराचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर लातूरला क्लास केला होता त्यानं.

"चारशे बारा एक जूनवाले बघितले, आप्पा. मी न्हाई त्यात."

"एक जूनवाले?" आप्पा आत आले. "एक जून कावून बघायलाव?"

"दाखल्यावर तीच हाय की."

"अर्ज म्या भरलाय. तू लातूरला गेलता. शिवरात्रीचा जल्म तुझा, म्हणून तर अमरनाथ नाव ठिवलं. देवाच्या दिवशी जल्मलेल्या पोराची तारीख सरकारला खोटी सांगू व्हय? जुनं पंचांग काढून लिव्हली. चार मार्च."

जमीलनं चार मार्च टाकलं. पानावर एकच नाव आलं. अमरनाथ पास झाला होता, आठ दिवसांनी पुण्यात मुलाखत होती. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. आप्पांनी मिशीवर हात फिरवला.

"खाली बारीक काय लिव्हलंय रं?"

जमील वाचता वाचता थांबला. "शाळेचा मूळ दाखला आणायचाय. अर्जातली तारीख दाखल्याशी जुळली न्हाई, तर उमेदवार बाद."

आप्पा पडद्याजवळ सरकले.

"म्हंजे चारशे बारा जणांनी खोटं लिव्हलं ते पास, अन् म्या एकट्यानं खरं लिव्हलं ते बाद?"

"दाखल्यावरची तारीख बदलता येती, आप्पा. नियम हितंच आसंल कुठंतरी." जमीलनं शोधायला टाकलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "सहाशे चाळीस पानं हायेत."

आप्पांनी घड्याळाकडं पाहिलं. बाजार आता ऐन भरात असणार. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, खुर्ची ओढली आणि मांडी घालून बसले.

"वाच. पैल्यापासून."