चौपट परत

हैबतराव गुरुजींना या रविवारी मिळण्यासारखं बरंच होतं. त्यांची नागोठण्यातली चर्चची रविवारची शब्बाथ शाळा बघायला रोह्याहून पाळकसाहेब येणार होते. मुलं नुसती वचनं घोकतात की खरोखर बदलली आहेत, एवढंच साहेबांना पाहायचं होतं. बदल दिसला की गुरुजी सुपरिंटेंडंट. म्हणजे चर्चमध्ये पहिला बाक आणि लग्नाच्या पंगतीत पहिलं पान.

म्हणून आदल्याच रविवारी त्यांनी मुलांना बजावलं, "मोठ्यानं आमेन म्हटलं म्हणजे तारण झालं, पापातून सुटलो असं नाय! प्रभू भेटला, तसं बायबलातल्या त्या लबाड जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत केलं. तुमच्या घरात दुसऱ्याचं काय असेल, तर काढा बाहेर!"

आता नागोठण्यात दुसऱ्याचं कुणाच्या घरात नाही? अंबा नदीला पूर आला की एकाची भांडी दुसऱ्याच्या पडवीत जाऊन बसतात. ज्याच्या दारात अडकलं, ते त्याचं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

बुधवारी ठमाबाई पदर खोचूनच आली. "गुरुजी, आमच्या मालूनं घंगाळ उचलून काशीबाईला दिलं!"

"घंगाळ कुणाचं?"

"काशीबाईचंच. पण तिनं कधी मागितलं व्हतं?"

"अगो, हे तारणाचं फळ हाय!"

"फळ तुम्हाला, नि आंघोळ आम्ही कशात करायची?"

मग कुणाची परात गेली, कुणाची शिडी. चौपट भरायला पोरं घरच्या वाट्याही देऊ लागली. आया गुरुजींच्या नावानं बोटं मोडत होत्या, गुरुजी मात्र हरखले होते.

रविवारी मालूनं सगळं सांगितलं, तेव्हा पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. गुरुजींनी लगबगीनं आतून पाहुण्यांची सागवानी खुर्ची आणली. साहेब टेकतात न टेकतात तोच मालू ओरडली, "गुरुजी, पाठीवर कोरलेला हा मोर तर बाबाजीकाकांच्या खुर्चीचा!"

मागे बसलेले बाबाजी गडबडले. "मी काय बोललो नाय हां! तीन पावसाळे गपच हाय."

'पेणहून आणली' हे गुरुजींच्या ओठांवर आलं होतं. पण समोर मालू उभी होती, आणि घंगाळापायी आईनं पिळलेला तिचा कान अजून लाल होता. 

"साहेब, जरा उठता का?"

साहेब उठले. गुरुजींनी खुर्ची स्वतः उचलून बाबाजींपुढे ठेवली. "चुकलो, बाबाजी."

"नि चौपट?" ठमाबाईनं दारातून विचारलं. "का ते फक्त पोरांना?"

"एक ही खुर्ची," गुरुजी घाम पुसत म्हणाले, "नि तीन रविवार बाबाजीचं अख्खं घर आमच्याकडे जेवायला. कोंबडी!"

पाळकसाहेबांनी पद तिथेच दिलं, उभ्या उभ्या. घंगाळ काशीबाईला, खुर्ची बाबाजींना, पहिला बाक गुरुजींना. आणि तीन रविवार चुलीपुढे बसून नऊ माणसांच्या भाकऱ्या थापल्या त्या गुरुजींच्या गिरजाबाईनं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.