पेटीतला भुंगा

आमचे शेजारी दगडूनाना लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे बघत नसत. ते लाउडस्पीकरच्या कर्ण्याखाली उभे राहत, डोळे मिटत आणि हात वर करून भटजींना थांबवत. "गप! भुंगा शे." भटजी मंगलाष्टक अर्ध्यावर सोडून उपरण्यात किडा शोधत.

कर्ण्यात कोणी बोलत नसतानाही जो 'घूंऽऽ' असा आवाज येत राहतो, तो नानांचा भुंगा. जळगावात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आळीत वीज आली आणि नानांनी मुंबईहून काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आणला. त्याला ते पेटी म्हणत. साक्रीकडची बोली त्यांनी जळगावात येऊनही सोडली नव्हती. "आख्खा खान्देशमा अशी पेटी नही," हे ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक नसलं तर पंक्चर झालेल्या सायकलीला सांगत.

पेटी दणदणीत होती, भुंगाही. एका लग्नात वरपित्याने विचारलं, "नाना, मोटार बंद करायची राहिली का हो?" अख्खा मांडव हसला. नाना पेटी उचलून चालते झाले. पुढची मंगलाष्टकं भटजींनी नुसत्या घशावर म्हटली.

तशात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न ठरलं. सुमी नानांच्या बायकोच्या, भागीरथीकाकूंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एके काळी काकूंच्या गाण्याशिवाय आळीतली हळद सुरू होत नसे. पण घशाचं दुखणं झालं आणि आवाज फुंकरीएवढा उरला. तेव्हापासून बायका त्यांना बोलवत, कुंकू लावत आणि मागे बसवत.

"काकू गायल्या तरच मी हळद लावून घेईन," सुमी म्हणाली.

"वेडी आहेस का? माझा आवाज मलाच ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या.

नानांनी लगेच पेटी लावून त्यांच्यापुढे माईक धरला. आवाज वाढवला तसा भुंगाही वाढला आणि काकूंचं गाणं गिळून बसला. काकू उठून चुलीकडे गेल्या. नानांनी दुकानाला कुलूप लावलं आणि पेटी उघडली.

व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा आत मोकळ्या लोंबत होत्या. त्यांना घट्ट पीळ हवा होता, पण नानांची बोटं सायकलचे नट पिळून जाड झालेली. शेवटी काकूंनी समईची वात वळावी तसा पीळ घातला. भुंगा जरा दबला. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "देखा मना पीळ?"

मग बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी पहिल्या व्हॉल्व्हला टोपरं घातलं. ट्रान्सफॉर्मर त्या व्हॉल्व्हपासून लांब सरकवून आडवा बसवला. "या दोघी भांडखोर जावा. एका चुलीवर नकोत," नाना म्हणाले.

खरा घोळ अर्थिंगचा झाला. अर्थ म्हणजे माती, हे नानांना कोणीतरी सांगितलेलं. जास्त मातीत पीक जास्त, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. म्हणून पेटीची एक तार त्यांनी नळाला बांधली, दुसरी तुळशीपाशी पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला आणि तिसरी परसातल्या खड्ड्याला. खड्ड्यात कोळसा आणि घरातलं सगळं मीठ. भुंगा दुप्पट झाला.

"पेटीची माती केलीत," काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आता संसाराची तेवढी राहिली."

आळीला महिनाभराची करमणूक झाली. नानांना माझ्या दारात पेटी मिरवायची आहे, असंच सगळे धरून चालले होते. नाना खड्ड्यात कान लावून बसलेत, ही नक्कल मीच सर्वांत झकास करायचो. तीच नक्कल गावात नानांच्या नावावर उरली आहे. म्हणून तर हे लिहायला बसलो.

हळदीच्या आदल्या सकाळी नाना ओरडत आले, "बठ्ठास्नी माती एकच पाहिजे!" सगळ्या तारांना माती एकच हवी; तीन मातींचं भांडण पेटीत चालू होतं म्हणे. त्यांनी आतल्या सगळ्या तारा एका स्क्रूवर आणल्या, तिथून एकच तार परसातल्या खड्ड्यात सोडली आणि बाकीच्या तोडल्या. पेटी चालू आहे की बंद, हे आता दिवा बघून ओळखावं लागत होतं.

हळदीला पेटी आमच्या मांडवात आली, तिची तार कुंपणावरून त्याच खड्ड्यात गेली आणि काकू माईकसमोर बसल्या. नानांनी बटण फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. कर्णा गप्प. मग काकूंनी पहिली ओळ म्हटली आणि ती अख्ख्या आळीवर गेली. बारीक होती, थोडी खरखरीत, पण शब्द न् शब्द कळत होता. समोरच्या ओट्यावरची म्हातारी काठी टेकत बाहेर आली. "अगं बाई, भागीरथी गातेय!" मागे बसलेल्या बायका सरकत पुढे आल्या आणि त्यांनी ओळ उचलली. एका हळदीत काकूंना पाच गाणी म्हणावी लागली. असा मान मी कुठल्या गवयाला मिळालेला पाहिलेला नाही.

मला वाटलं, नाना आता छाती काढून मांडवभर फिरत असतील. ते पेटीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले होते. जो जवळ येई त्याला न बघताच सांगत होते, "लांब ऱ्हा. करंट शे."

मी पेटीवर हात ठेवला. करंट कुठेच नव्हता. नानांनी माझा हात पाहिला आणि उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं.

मागून एक पोरगी हळदीची वाटी घेऊन आली. मी वळून तिला म्हणालो, "पुढे येऊ नकोस गं. करंट आहे."