पाकटाचा काटा आणि माझा आशीर्वाद

दामले मास्तर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा सरळ माझ्या पायाशी वाकले. वेसाव्याच्या बंदरावर, सगळ्या कोळणींच्या समोर. पांढरा सदरा, खिशाला पेन, वैशाखातही पायात मोजे. शिकलेला माणूस! मी छाती फुगवली, हात वर केला आणि म्हणालो, "सुखी रहा!"

मास्तर वाकलेलेच. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि डोळे बारीक करून बघत बसले.

"खड्डा भरला! झकास! किडनी ठणठणीत आहे तुमची."

अख्खं बंदर हसलं. दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, नाहीतर मी तिथल्या तिथे घेतला असता.

ही त्यांची खोडच होती. माणूस भेटला की नमस्कार नंतर, आधी नडगी. किडनी थकली की अंगात पाणी साचतं आणि अंगठ्याचा खड्डा लवकर भरून येत नाही म्हणे. एकदा त्यांनी चालत्या बसमध्ये कंडक्टरची नडगी दाबली. त्याने घंटी मारून त्यांना चार बंगल्यालाच उतरवलं. घामाघूम होऊन बंदरावर पोचले, पण तक्रार नाही. "त्याचाही भरला," एवढंच म्हणाले.

गिरण्यांचा संप चालू होता तेव्हाची ही गोष्ट. मास्तर पार्ल्याच्या एका कॉलेजात औषधांचं काहीतरी शिकवायचे आणि त्यांना पाकटाचा काटा हवा होता. पाकट म्हणजे चटईसारखा पसरट मासा, त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. जाळ्यात पाकट आला की आम्ही पहिला काटा मोडून दर्यात फेकतो. माझ्या बापाने तेच केलं, आज्याने तेच केलं. आणि हा पार्ल्याचा माणूस बर्फाचा थर्मास घेऊन म्हणतो, काटा तसाच आणा!

"माझ्या होडीवरून काट्यासकट पाकट उतरणार नाय," मी सांगितलं. मी तांडेल, होडीचा म्होरक्या. मी नाही म्हटल्यावर बाकीच्या होड्याही नाही म्हणाल्या. त्याचीही मला घमेंड.

"अहो तांडेल, विष म्हणजे औषधच. चमचा चुकला की विष!" हे त्यांचं पालुपद. ब्राझीलच्या कुठल्याशा सापाच्या विषावरून रक्तदाबाची गोळी निघाली होती. ती हकिगत ते सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगायचे, आणि शेवटी प्रसादाऐवजी प्रश्न, "मग पाकटाच्या विषातून किडनीचं औषध का निघू नये?"

मी दुसरीत मास्तरची छडी मोडून शाळा सोडलेली, पण वादात हार जाणारा नव्हे. विचारलं, "किडनी म्हणजे काय हो?"

"तुमचं जाळं. घाण पाणी सोडायचं, कामाचं ते धरायचं. ते फाटलं की कामाचंही वाहून जातं."

"मग विणा की! जाळं फाटलं म्हणून आम्ही विष नाय शिंपडत."

"हे विणता येत नाही, तांडेल. पण रक्ताच्या भरतीचा जोर कमी केला तर उरलेलं टिकतं."

हे मला पटलं. पटलं म्हणून मी आणखी चिडलो. उधाणात जाळं कसं फाटतं ते हा मला शिकवणार!

दर रविवारी मास्तर यायचे आणि रिकामा थर्मास घेऊन जायचे. माझी बायको हिरा टोपलीवरून ओरडायची, "दे ना रं त्याला येक काटा! तुजा काय जाते? खेकड्यासारखा आडवा बसलाय!"

शेवटी एका शनिवारी मोठा पाकट लागला. मी काटा मोडला, पण फेकला नाही. शिकलेल्या माणसाला वस्तू द्यायची तर नीट द्यावी. पाकटाचा काटा हाताला लागला की आम्ही हात कढत पाण्यात घालतो, विष मरतं. हे कोळ्याच्या पोराला दात यायच्या आधी कळतं. म्हणून मी काटा चांगला उकळला. वरची बुळबुळीत कातडी सुरीने खरवडली. खोबरेल चोळलं. असा चमकला की हिराच्या अंबाड्यात खोवावा!

रविवारी मोठ्या ऐटीत मास्तरांच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"धुतलात?"

"धुतला? उकळला!"

"आणि वरची कातडी?"

"फेकली. मांजराला पण नाय दिली."

मास्तर माझ्या ओट्यावर बसले. "अहो, विष त्या कातडीतच असतं हो!" आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हिराने आतून साद दिली, "औषध धुऊन टाकला म्हाताऱ्यानं!" संध्याकाळपर्यंत गल्लीत ज्याला त्याला ते ठाऊक झालं होतं.

हसता हसता मास्तरांचा मोजा खाली घसरला. रबराची खोल चरी नडगीवर उमटली होती. मी बघत राहिलो. चरी भरेना.

मी कोणापुढे वाकत नाही. एकवीरा आईपुढेसुद्धा मान तेवढी खाली. त्या दिवशी वाकलो. अंगठा दाबला, उचलला. ओल्या वाळूतला खड्डासुद्धा भरतो. हा तसाच राहिला.

"मास्तर, हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"घरी कोण बघत नाय?"

"आमच्या नडगीपर्यंत वाकणारं घरात कोणी नाही, तांडेल."

"म्हणजे काटा तुमच्यासाठीच..."

"छे! औषध व्हायला वर्षं जातात. त्यातला चमचा माझ्या वाट्याला कुठला? दुसऱ्या कोणाच्या येईल." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सुखी रहा!"

मी लगेच उठलो नाही. गुडघे धरले होते, असं हिराला सांगितलं.

पुढच्या रविवारी वेसाव्याच्या बंदरावर माझ्या होडीतून पाकट उतरला, शेपटीसकट, काट्यासकट, बुळबुळीत कातडीसकट. हिराने काटा बर्फात घालून दिला. मास्तर थर्मास पोटाशी धरून माझ्या दाराशी आले.

"तांडेल, अहो बाहेर या ना! मला तुमचे आभार मानायचेत!"

"जेवतोय!" मी आतून ओरडलो.

जेवतोय कसला? उजवा हात कोपरापर्यंत कढत पाण्यात होता.