मैनाची तारीख

सोनकांबळे जमादारांबद्दल लिहायचं मी कैक वर्षं टाळलं. ते गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी "मास्तर, दोन शब्द बोला" म्हटलं, तर मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता. आता माझी अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, तेव्हा एकदा जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

जमादार रोज सकाळी दूधवाल्याला नाव विचारायचे. दूधवाला अकरा वर्षं तोच.

"नाव?"

"जमादार, कालचंच की."

"कालचं मला माहीत हाय. आजचं सांगा."

दूधवाला निमूटपणे नाव सांगायचा, मग पातेलं पुढे व्हायचं. पोलीस खात्यात त्यांची शेवटची दहा वर्षं पासपोर्टच्या पडताळणीत गेली होती. माणूस अर्जात लिहितो तसा असतो का, हे दारोदार जाऊन विचारायचं काम. निवृत्त झाल्यावर अर्ज यायचे थांबले, यांचं विचारणं थांबलं नाही. नांदेडातल्या आमच्या गल्लीत पाहुणा आला की आधी त्यांच्या ओट्यावर थांबवला जाई. आणि सगळं ऐकून घेतल्यावर ते मान तिरपी करून म्हणत, "संशयाला जागा हाय." ढग आले तरी म्हणत आणि नाही आले तरी म्हणत.

बायको वारलेली, मुलगी सुनंदा लातूरला दिलेली. घरात ते आणि मैना. मैना म्हणजे पोलीस लाइनीमागे सापडलेली तांबूस गावठी कुत्री. या एका जिवावर मात्र त्यांचा संशय नव्हता. "ती खोटं बोलून न्हाई राहिली कधी," ते म्हणत. मला त्या बोलण्याचं हसू यायचं.

तिचं ऑपरेशन करून घ्यायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. तेवढ्यात सुनंदाचं डोहाळजेवण निघालं आणि नेमकी त्याच आठवड्यात मैना माजावर आली. जमादारांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. सोबत एक कागद. त्यावर अकरा सूचना आणि प्रत्येकीखाली रेघ. पहिली आणि शेवटची सूचना एकच होती : मागचं दार उघडू नये.

मागच्या दाराबाहेर कढीपत्त्याचं झाड होतं. लहानसं, पण वास असा की आमच्या स्वयंपाकघरात बसून कळावा. त्यावरही जमादारांचा पहारा असे. "मास्तर, दोन फांद्या कमी दिसून राहिल्या," असं ते अधूनमधून माझ्याकडे न बघता म्हणत. फांद्या मीच तोडलेल्या असायच्या.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी मैनाला भाकरी-दूध दिलं. घरात कोणी नाही, झाड समोर. मागचं दार उघडलं. पहिल्या फांदीला हात लागतो न लागतो तोच माझ्या दोन पायांमधून काहीतरी तांबूस निघून गेलं.

दीड तासानं मैना आपणहून परत आली. अंगाला धूळ, कानाला काटा, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मीच नजर वळवली. मी तिला पुसलं, दार लावलं, कढीपत्ता खिशात घातला आणि घरी येऊन पोह्यात टाकला. जमादार परत आले तेव्हा सांगितलं, "काही त्रास नाही दिला बघा."

पाचेक आठवड्यांनी मैनाचं पोट दिसू लागलं आणि गल्लीत तपास सुरू झाला. जमादारांनी ओट्याभोवती चुना पसरून पायांचे ठसे घेतले. शिंप्याचा काळा कुत्रा लंगडा म्हणून सुटला. बेकरीवरच्या पांढऱ्या शेपटीच्या कुत्र्याची गाठ घ्यायला ते स्वतः गेले. "तुमचा आरोपी कुठं हाय?" बेकरीवाल्यानं घाबरून आपल्या मेहुण्याला हाक मारली.

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण हा तपास हौसेचा नव्हता. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "हिचं वय जास्त आहे आणि पहिलीच वेळ. तारीख कळली तर बरं. साधारण त्रेसष्ट दिवस धरा. त्या दिवसांत तिला एकटं सोडू नका."

म्हणून जमादार तारीख शोधत होते. लातूरहून आल्यानंतर एका शनिवारी बाजारात मैनाचा गळपट्टा निसटला होता. पाच-सात मिनिटांचाच प्रकार, पण दुसरं काही सापडेना, म्हणून त्यांनी तो शनिवार धरला. तो माझ्या मंगळवारानंतर अकरा दिवसांनी आला होता.

"मास्तर, तुमच्याकडं असताना तर काही न्हाई ना?"

"छे."

"तुमच्यावर कामून संशय घेऊ? सहज विचारलं."

एवढं बोलून त्यांनी कॅलेंडरवर लाल गोल केला. मी बघत होतो. गोल चुकीच्या चौकटीत होता.

बासष्टाव्या दिवशी, म्हणजे माझ्या हिशोबानं बासष्टाव्या, लातूरहून फोन आला. सुनंदाला दवाखान्यात नेलं होतं. जमादार पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. "पोरीला माय न्हाई, मला जावंच लागतं. मैनाला अजून बारा दिवस हायेत. तवर मी येतोच." मी म्हणायला हवं होतं, की बारा नाहीत, एक आहे, तुम्ही जा, पण डॉक्टरीणबाईंना आत्ताच सांगून ठेवू. तोंडात आलं होतं. त्यामागून कढीपत्ताही आला आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैनाला कळा लागल्या. पहिलं पिल्लू आलं ते पातळ पडद्यात गुंडाळलेलं. आई तो चाटून फाडते एवढं मला माहीत होतं. पण मैना थकली होती, नुसती धापा टाकत होती. तो पडदा आपण फाडायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी दवाखान्याचा फोन नंबर शोधत राहिलो. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा चार पिल्लं त्यांनी वाचवली. पहिलं गेलं होतं.

जमादार दुसऱ्या दिवशीच आले, नातीचे पेढे घेऊन. मेलेलं पिल्लू आम्ही फडक्यात ठेवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि कढीपत्त्याखाली पुरलं. मग माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुम्ही व्हता म्हणून चार वाचले. तारीख म्या चुकलो. उभी नोकरी तपासात गेली आन् घरच्या तपासात कच्चा पडलो."

त्यानंतर त्या झाडाला मी हात लावला नाही.

पुढचे दोन महिने जमादार बाळंतघरातल्या आजीसारखे राबले. जंतांचं औषध, लस, मैनाला वेगळी खिमट. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत कोणाला दिली नाहीत, आणि नंतरही पडताळणीशिवाय दिली नाहीत. छापील नमुनाच केला होता : दार रस्त्यावर उघडतं का, साखळीला बांधणार का, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याला राखणीसाठी पिल्लू हवं होतं. जमादार रेल्वेनं तिथवर गेले आणि हात हलवत परत आले. "खांबाला साखळीचा वळ हाय. कुत्रं कुठं, तर म्हणे मेलं. कशानं, तर म्हणे ठाऊक न्हाई. संशयाला जागा हाय!" शेवटी एक पिल्लू रेणापूरच्या शिक्षिकेकडे गेलं, एक सुनंदाकडे, आणि एक चक्क बेकरीवाल्याकडे, कारण त्याची शेपटी पांढरी निघाली. याच काळात मैनाचं ऑपरेशनही उरकलं.

चौथं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. सोबत भरलेला नमुना. सगळ्या रकान्यांत आडवी रेघ, आणि खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात : 'शेजारी. विश्वासू. पडताळणीची गरज नाही.'

ते पिल्लू आता म्हातारं होऊन माझ्या खुर्चीखाली झोपलेलं असतं. कागद कपाटात आहे.

गुडघ्यांनी जवाब दिल्यावर जमादार मैनाला घेऊन लातूरला सुनंदाकडे राहायला गेले. वर्षभरानं मी ठरवून भेटायला गेलो. एसटीत वाक्यं पाठ केली होती. दोनच वाक्यं होती. जमादार खाटेवर बसले होते, पायाशी मैना. बोलता बोलता मैनाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "मास्तर, ते पहिलं पिल्लू अजून डोळ्यापुढं येतं. तारीख कुठं चुकली असंल म्या?"

मी म्हटलं, "जमादार, तुमचा कढीपत्ता मी तोडत होतो."

ते इतके हसले की खोकला लागला. "सुनंदे, ये, ये! चोर सापडला! इतक्या वर्षांनी कबूल झाला!" सुनंदा पाणी घेऊन आली, तीही हसू लागली, नात टाळ्या वाजवू लागली. जमादार डोळे पुसत म्हणाले, "अजून काही असंल तर आजच सांगून टाका."

"एवढंच," मी म्हणालो.

दुसरं वाक्य तसंच परत घेऊन मी नांदेडला आलो. त्या उन्हाळ्यात ते गेले. ते वाक्य असं होतं : जमादार, मला माफ करा, तारीख तुम्ही चुकला नव्हतात.