नाव एक, टेम्पो चार

"झुंजूमुंजू होत होतं तेव्हा जन्मली, म्हणून झुंजुरी. मी स्वतः घडवलेलं नाव आहे. दुसरीकडे मिळायचं नाही."

चौदा वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा सासरे असं म्हणाले होते. त्यांचा धंदा पुस्तकबांधणीचा, बोलणंही शिवण घातल्यासारखं पक्कं. तो आवाज लाँड्रीवाल्याच्या कानात अजून होता. ते नाव मात्र त्याच्या तोंडात कधी आलं नाही. चहा हवा असला की 'अगं', रागावला की 'बाई गं', लाडात आला की नुसतं खाकरणं. एवढं दवासारखं नाव, जिभेवर घेतलं तर विरघळेल अशी त्याला धास्ती!

म्हणून नवा टेम्पो आल्यावर त्याने ते मागच्या दारावर लिहून घेतलं. पेंटरने खास पत्र्याचा साचा कापला, पिवळा रंग मारला. बायको ओल्या हातांनी बाहेर आली, अक्षरांपाशी थबकली आणि दिवसभर गुणगुणत राहिली.

"अख्ख्या शहरात असा एकच टेम्पो," लाँड्रीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागला.

आठवडाभरात दुधाचा टेम्पो त्याला मागे टाकून गेला. मागच्या दारावर पिवळ्या अक्षरांत: झुंजुरी.

लाँड्रीवाल्याने गाडी त्याच्यामागे दामटली. सिग्नलला त्याने काच खाली केली.

"मागे नाव कुणाचं?"

"गाडीचं. का?"

"हेच बरं सुचलं?"

"गोड आहे," दूधवाला म्हणाला आणि निघून गेला.

गोड आहे म्हणे! त्या दिवशी हॉटेलच्या चादरी दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांचे कोट हॉटेलात. दुसऱ्या दिवशी तेच नाव फर्निचरवाल्याच्या टेम्पोवर. तिसऱ्या दिवशी पाववाल्याच्या. आपल्या बायकोला या सगळ्यांनी पाहिलं तरी कधी? पाववाल्याने तर नावाभोवती वेलबुट्टी काढून घेतली होती. तीच जास्त झोंबली. ती आपल्याला का सुचली नाही?

तो पेंटरकडे धडकला. पेंटर शांतपणे ब्रश धूत होता.

"साचा कापायला अर्धा दिवस जातो हो. त्यांना कसलंही नाव चालणार होतं. मी त्यांना म्हटलं, हे तयार आहे, आणि लिहिल्यापासून लाँड्रीवाल्याची गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आता रांग लागलीय."

खुलासा झाला, जळफळाट काही शमला नाही. दुपारी लाँड्रीजवळच्या चहाच्या दुकानासमोर तिन्ही टेम्पो उभे दिसले. थिनरचा बोळा घेऊन तो पाववाल्याच्या दाराला भिडला. पहिलं अक्षर अर्धं पुसलं, तोच मागून बायकोचा आवाज आला.

"डबा विसरलात. आणि हे काय चाललंय?"

"पुसतोय. तुझं नाव आहे हे. या लोकांनी का मिरवावं?"

बायको त्या अर्ध्या अक्षराकडे बघत राहिली. "पाववाला दिवसातून दहादा म्हणतो, झुंजुरी आली, झुंजुरी धुतली. तुमच्या तोंडून चौदा वर्षांत एकदा तरी ऐकलंय का मी?"

डबा त्याच्या हातात कोंबून ती चालू लागली.

"अगं," तो म्हणाला. ती थांबली नाही. "ऐक ना." ती वळणाशी पोचली. आणखी चार पावलं, की दिसेनाशी झाली असती.

त्याने डोळे मिटले.

"झुंजुरी! थांब!"

ती थांबली. हळूच वळली. चेहरा असा, की खरंच कुठेतरी उजाडत असावं.

तेवढ्यात दुकानातून तिघे ड्रायव्हर हातातले कप टाकून धावत सुटले.

"कुणाची निघाली? हँडब्रेक कुणी लावला नव्हता?"